पोचल्याचं पत्र

आमच्या गावच्या घरात पत्रांची एक तार होती. खाली लाकडी चकती, वर टोकाला आकडा, आणि त्या तारेत टोचलेली वीस-पंचवीस वर्षांची कार्डं. घर आवरताना मी ती काढून घेतली. त्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९६८च्या जूनमध्ये आजोबांना लिहिलेलं एक पोस्टकार्ड सापडलं. चिपळूणजवळच्या खेड्यातून अण्णा पहिल्यांदाच मुंबईला गेले होते. कार्डाच्या डोक्यावर 'श्री', उजवीकडे दादर आणि तारीख, मग मजकूर: 'तीर्थरूप आप्पांचे सेवेशी, बालकाचे शि. सा. नमस्कार वि. वि. काल सायंकाळी येथे सुखरूप पोहोचलो. गाडीस दोन तास उशीर झाला. काकांकडे सर्व क्षेम. ती. सौ. आईस शि. सा. न. चि. बाळूस अ. उ. आ. कळावे.'

मागच्या वर्षी माझी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. घरच्या ग्रुपवर तिचे निरोप आले. 'पोचले'. मग 'खोली छोटीये'. मग 'पण खिडकी आहे'. मग खिडकीचा फोटो. मग 'नंतर बोलू'. एका मिनिटात पाच निरोप, एकाही ओळीच्या शेवटी टिंब नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "नुसतं 'पोचले'? कोणाला सांगतेय, काही आहे का त्यात?" त्यांनी उत्तर लिहिलं, 'ठीक आहे.' पाचव्या मिनिटाला मुलीचा मला वेगळा निरोप आला, 'आजोबा चिडलेत का?'

अण्णा चिडले नव्हते. त्यांनी वाक्य पूर्ण झालं म्हणून पूर्णविराम दिला होता. मुलगीही तुटकपणे वागली नव्हती. पोचल्याबरोबर, पिशव्या खाली ठेवायच्या आधी, तिनं खिडकीसुद्धा घरच्यांना दाखवली होती. दोघांच्याही मनात माया होती. पण अण्णांची माया मायन्यात असते आणि मुलीची त्या पाच तुकड्यांच्या घाईत. दोघं एकमेकांच्या लिहिण्यात ती भलत्याच जागी शोधत होते. घरातलं अनौपचारिक लिहिणं माणूस ज्या साधनावर पहिल्यांदा शिकतो, त्या साधनाची वळणं त्याच्या हातात जन्मभर राहतात. पिढ्यांमधले बरेचसे गैरसमज मला या वळणांचे वाटतात.

पोस्टकार्डापासून सुरुवात करू. भारतात ते १ जुलै १८७९ला आलं, किंमत पाव आणा. जागा तळहाताएवढी, आणि उघडं असल्यामुळे पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचणार. एवढ्याशा जागेत घरातल्या प्रत्येकाचा मान राखायचा, तर शब्द आखडावेच लागत. मराठी पत्रलेखनानं त्यासाठी संक्षेपांची एक अख्खी भाषा उभी केली. शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, स. न. वि. वि. म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शिवाय रा. रा., ती. स्व., चि., सौ., गं. भा., मु. पो., ता. क. होतेच. अण्णांचं ते कार्ड एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला दाखवा, त्याला निम्मी अक्षरं कळणार नाहीत. आजच्या मुलांच्या आखडलेल्या शब्दांवर रागावणाऱ्या पिढीनं स्वतः किती आखडून लिहिलं, हे त्या तारेतल्या कार्डांवरून दिसतं.

एक फरक मात्र खरा आहे. पत्रातले संक्षेप नात्यांचे होते. बातमी पुरती लिहिली जाई, आखडला जाई तो नमस्कार. अण्णांच्या कार्डात बातमी तीन वाक्यांची, बाकी सगळं कोण मोठं, कोण धाकटं, कोणाला वाकायचं आणि कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा. घरातल्या माणसांचा नकाशाच म्हणा. 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' या एका ओळीत सगळं घर मावत असे. म्हणून मायना नसलेला निरोप अण्णांना डोक्यावर छप्पर नसल्यासारखा वाटतो. फोनवर नाव आपोआप दिसतं, तरी ते निरोपाखाली 'तुझे आजोबा' असं लिहितात. सहीशिवाय मजकूर सोडणं त्यांच्या हाताला जमत नाही.

कार्डाला तीन-चार दिवस लागत. घाईचं काम तारेचं, पण तारेचे पैसे शब्दांवर होते आणि दारात तारवाला दिसला की बायकांच्या पोटात गोळा येई. 'पोचलो' सांगायला कोणी तार करत नसे. ती सेवा १४ जुलै २०१३च्या रात्री बंद झाली. तोवर तिची जागा मोबाइलनं केव्हाच घेतली होती. मधली काही वर्षं मात्र आपल्याकडे एक निराळीच सोय निघाली, मिस्ड कॉलची. २००३च्या मे महिन्यापर्यंत आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. "पोचलास की दोनदा वाजव," हे माझ्या आईनं मला किती वेळा बजावलं असेल! दोन घंटा, आणि घरात निःश्वास. एक अक्षरही न लिहिता गेलेलं ते पोचल्याचं पत्रच होतं.

मग एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. पण त्याची लांबी आधीच ठरलेली होती, आणि ती कशी ठरली ते ऐकण्यासारखं आहे. १९८५मध्ये जर्मनीतल्या बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे अभियंते घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करत आणि अक्षरं मोजत बसले. बहुतेक वाक्यं १६०च्या आत संपत होती. खात्री करायला त्यांनी लोकांनी लिहिलेली पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे संदेश पाहिले, तेही बहुतेक दीडशे अक्षरांच्या आतले. १६० अक्षरांची मर्यादा अशी ठरली. मोबाइलवरच्या पहिल्या निरोपाचं माप पोस्टकार्डानं दिलं.

ही १६० अक्षरं रोमन लिपीची. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावत, रोमन अक्षराला ७ लागत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ लागतात, म्हणून मराठी निरोप ७० चिन्हांत संपवावा लागे. चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. यंत्राच्या लेखी स, मोडका पाय, त, पुन्हा मोडका पाय, र आणि दीर्घ वेलांटी, अशी सहा चिन्हं. एखाद्यानं हट्टानं 'शिरसाष्टांग नमस्कार' एवढंच देवनागरीत लिहिलं, तर सत्तरातली एकोणीस चिन्हं त्यातच संपली! शिवाय बहुतेक हँडसेटवर देवनागरी नसेच. असली तरी समोरच्याच्या फोनवर चौकोन दिसत.

माझी पिढी, म्हणजे आज पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरात असलेली, या चिंचोळ्या बोळातून लिहायला शिकली. आम्ही मराठी रोमन लिपीत लिहू लागलो. एका बटणावर तीन-चार अक्षरं, 'एस'साठी सातचं बटण चार वेळा दाबायचं, म्हणून स्वर गाळायचे. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला सवलतीचं पॅक चालत नसे, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच धाडायच्या. या काळानं मराठीचं वाटोळं केलं, असं बोललं गेलं. रोमनमध्ये आपल्याकडचे भेद बुडतात, हे खरंच आहे. के-ए-एल लिहिलं तर ते काल, काळ, कळ की कल? एम-ए-झेड-ए म्हणजे माझा की मजा? ण आणि न, ळ आणि ल एकाच खणात जाऊन बसतात. ओघावरून लावून घ्यायचं. आणि गंमत अशी, की आपण ते लावून घेत होतो, क्वचितच अडखळत होतो.

रोमनमधली मराठी ही मोबाइलची देणगी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. भाषा मराठी, घाट ओवीचा, हजारो ओव्या, आणि छपाई रोमन लिपीत, कारण तिथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांपूर्वीची अडचण खिळ्यांची, २००२ची कीपॅडची. दोन्ही वेळा भाषेनं मिळेल त्या वाटेनं पलीकडचा तीर गाठला. आज न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वाढलेल्या नातवंडांना मराठी बोलता येते पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांचं आजीशी लिहिणं याच रोमन वाटेनं चालतं. ती वाट बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या आजीला विचारावं.

पुढे फोन पडद्याचे झाले आणि देवनागरी परत आली. मुंबईच्या आयआयटीनं २०१३मध्ये काढलेल्या 'स्वरचक्र' कळफलकात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उमलते. २०१७मध्ये गूगलनं मराठीत बोलून लिहिण्याची सोय केली. पण माझ्या पिढीतले कितीतरी जण अजून रोमनमध्येच लिहितात. हाताला तीच सवय. आमच्या ग्रुपवर अण्णा देवनागरीत, मी रोमनमध्ये, आणि मुलगी दोन्हींत, आजोबांसाठी देवनागरी आणि माझ्यासाठी रोमन. कोणाशी कुठली लिपी, हे ती न शिकवता करते.

आता त्या टिंबाकडे येतो.

२०१५मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका आमंत्रणाला आलेलं एका शब्दाचं उत्तर त्यांना दाखवलं, कधी पूर्णविरामासह, कधी त्याशिवाय. मोबाइलवरच्या निरोपात पूर्णविराम असलेलं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तेव्हा पूर्णविरामानं काही फरक पडला नाही. चिन्ह एकच, शब्द एकच, पण कागदावर त्याचा अर्थ 'वाक्य संपलं' आणि पडद्यावर 'बोलणं संपलं'. याचं कारण साधं आहे. तरुण मुलं वाक्य तोडायला टिंब वापरत नाहीत, 'पाठवा'चं बटण वापरतात. मुलीच्या पाच निरोपांत पूर्णविराम होतेच, ते त्या निरोपांच्या मधल्या जागेत होते. एकदा हे काम बटणानं घेतलं, की टिंब रिकामं होतं. आणि भाषेत रिकामी वस्तू फार काळ राहत नाही, तिला दुसरं काम मिळतं. इथे मिळालं नाराजीचं.

आपल्या भाषेला तर पूर्णविराम तसा नवाच. शेकडो वर्षं मराठीतला रोजचा व्यवहार, पत्रं, हिशेब, सगळं मोडीत चाललं. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. पत्र संपल्याची खूण 'बहुत काय लिहिणे' अशा शब्दांनी व्हायची. स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि शाळाखात्याबरोबर आली. मराठीत त्यांची घडी बसवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. ही चिन्हं मराठीत रुळून पावणेदोनशे वर्षंही होत नाहीत. मुलांनी टिंब गाळलं तर भाषा बुडाली असं मला म्हणवत नाही. वाक्य कुठे संपलं हे त्यांच्या वाचणाऱ्याला नेमकं कळतं, आणि खूण म्हणून तेवढं पुरतं.

याच्या उलट माझ्या मावशीचं. ती एक टिंब कधीच देत नाही, पाच-सहा देते. 'काय करतस.....जेवलस काय.....पाऊस आसा काय थय.....' तिच्या बाजूनं पाहिलं तर हे ठिपके म्हणजे श्वास घेण्याची जागा. कार्डावर परिच्छेद पाडायला जागा नसे, तेव्हा दोन विषयांमध्ये लोक रेघ ओढत किंवा ठिपके देत, तीच ही चाल. माझ्या मुलीला मात्र ते ठिपके वाचून सुरुवातीला धास्ती वाटे. मावशीआजी काहीतरी बोलायचं राहून गप्प झाली, असं तिला वाटे. तिच्या पिढीत ठिपके म्हणजे गिळलेलं वाक्य.

मावशीच्या त्या ओळीवर जरा थांबायचं आहे. मालवणकडची ती, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या नावानं आम्हांला वर्षानुवर्षं पत्रं आली. अक्षर आधी काकांचं, मग त्यांच्या मुलाचं, एक-दोनदा तर पोस्टमनचं. 'चि. यांस अनेक उत्तम आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे.' ते तिचे शब्द नव्हते. लिहिणाऱ्याला शाळेत शिकवलेले होते. तिनं ओट्यावर बसून मालवणीत सांगितलेलं सगळं, फणस किती लागले, कोणाची म्हैस व्याली, तुझी आठवण येते, त्या साच्यातून गाळून 'सर्व क्षेम' होऊन आमच्याकडे येई. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती, बायकांची त्याहून फार कमी. मुंबईच्या जीपीओबाहेर बसणारे पत्रलेखक अशाच माणसांसाठी लिहीत. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरच्या तळाशी निरोपाला दोन बोटं जागा असे, तीही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात भरलेली. जुन्या पत्रांची भाषा कशी घरंदाज, असं आपण म्हणतो तेव्हा ती कोणाची भाषा होती हे विसरतो.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मावशीच्या हातात नातवानं फोन दिला. तिचा स्वतःच्या बोटानं लिहिलेला पहिला निरोप मला आला, 'काय करतस'. अनुस्वार नव्हता, प्रश्नचिन्ह नव्हतं. पण पन्नास वर्षांत तिनं मला लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी रात्री कितीतरी वेळ तो पडदा पाहत बसलो होतो.

हे एकट्या मावशीचं नाही. नागपूरकडची माणसं 'काय करून राहिला' असं लिहितात, सोलापूरकडे 'काय करायलास' येतं. शाळेनं वहीत कधी येऊ दिली नाहीत अशी ही वळणं आता रोज लिहिली जातात, आणि लिहिणारी माणसं ती बिनधास्त लिहितात. मग ग्रुपवर कोणीतरी शुद्धलेखन तपासायला बसतं, 'आणी' नव्हे 'आणि', 'पानी' नव्हे 'पाणी'. शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळानं केले, ते १९६२मध्ये सरकारनं मान्य केले, आणि पुस्तकात, अर्जात, बातमीत ते पाळावेत याबद्दल माझं दुमत नाही. मी स्वतः त्यांच्यावर पोट भरतो. पण घरच्या निरोपात बहिणीचा ण सुधारणं मला क्रूर वाटतं. ती पुन्हा लिहायची थांबली, तर आपण काय मिळवलं?

स्वराचं काय, हा प्रश्न उरतो. कागदावर आवाज नसतो. नव्या पिढीनं तो भरून काढायला पिवळे चेहरे घेतले. शिगेताका कुरिता यांनी १९९९मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी केलेल्या संचात १७६ चित्रं होती, प्रत्येक १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. त्यांचेही पिढीवार अर्थ झाले आहेत. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा माझ्या वयाचे लोक सर्रास टाकतात. माझ्या मुलीच्या मैत्रिणी हसून मेले असं सांगायला कवटी टाकतात. अण्णांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोण गेलं म्हणून तिला फोन केला होता. जोडलेले हात तर आपल्याकडे नमस्कार, आभार, श्रद्धांजली आणि 'आता पुरे' या चारही कामांना चालतात.

मराठीकडे मात्र आवाजाची स्वतःची सोय पहिल्यापासून आहे, आणि ती मला या चित्रांहून नाजूक वाटते. 'ये' ही आज्ञा. 'ये ना' हा आग्रह. 'ये की' यात काय हरकत आहे असा सूर. 'ये हं' यात वाट पाहणं. 'ये बरं' म्हटलं की म्हणणारा वयानं मोठा. ना, की, हं, गं, रे, बरं का, ही एवढीशी अक्षरं वाक्याच्या शेपटाला बसून संपूर्ण चेहरा दाखवतात. 'काळजी घे' आणि 'काळजी घे हं' यांत एक आई मावते. पूर्वी गोष्टीत आवाज लांबवायला अवग्रह वापरत, 'काऽऽय'. कळफलकावर तो सहज सापडत नाही, तर मुलं 'काययय' लिहितात, 'आईईई' लिहितात. काम तेच. आणि मुलीचे निरोप मी नीट वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं, की ती इंग्रजीत लिहितानाही शेवटी 'ना' लावते.

गेल्या दिवाळीत ती घरी आली, तेव्हा मी तिला ते १९६८चं कार्ड दाखवलं. ती आजोबांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि एकेका संक्षेपावर बोट ठेवून विचारत गेली. "शि. सा. म्हणजे?" "शिरसाष्टांग. डोकं टेकवून, आठही अंगांनी." "आणि अ. उ. आ.?" तिनं कार्डाचा फोटो काढून घेतला.

परत गेल्यावर तिचा निरोप आला. 'पोचले'. खाली 'गाडी दोन तास लेट'. त्याखाली 'आजोबा शि सा न'.

अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला. "हिनं टिंबं का दिली नाहीत?"

"टिंब दिलं की त्यांना राग वाटतो, अण्णा."

त्यांनी चष्मा सारखा केला, एका बोटानं सावकाश 'अ. उ. आ.' लिहिलं, थोडं थांबले, आणि शेवटचं टिंब पुसून निरोप पाठवला.